रॅली ड्रायव्हिंगचा एक दिवस: कुठली शाळा निवडायची आणि कुठल्या पैशांतून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबत जोडलेली चारही दरपत्रकं सावकाश वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमची हकिगत थोडक्यात मांडतो.

ताई ३८ वर्षांच्या आहेत, शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. शाळा सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर आहे. डांबरी रस्ता संपला की पुढचा मुरूम-खडीचा रस्ता त्या रोज आपल्या छोट्या गाडीने एकट्या पार करतात. नाशिकला डी.एड. करताना त्यांनी मातीच्या रस्त्यावरून रॅलीच्या गाड्या फुफाटा उडवत जाताना पाहिल्या होत्या. तेव्हापासून मनात आहे की एकदा तरी जाणकार माणूस शेजारी बसवून तशी गाडी चालवायची. यजमान शेती बघतात, थोडा कापूस आणि थोडी केळी. मुलगी दहावीत आहे. ताईंच्या हातात पगार येतो ६६,००० रुपये. त्यातून घराचा हप्ता १७,५००, गाडीचा ८,२००, घरखर्च २१,०००, पेट्रोल ५,५००, मुलीचे क्लास वगैरे ५,००० आणि एसआयपी ३,००० जाते. उरतात ५,८००. शिल्लक म्हणाल तर गावातल्या पतसंस्थेत १,१०,००० ची ठेव आणि बँकेच्या बचत खात्यात ४०,०००.

रॅली ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या चार ठिकाणांची माहिती त्यांनी काढली आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणून शिक्षक पतपेढीतून ५०,००० रुपये आकस्मिक कर्ज काढायचा विचार आहे. अर्ज आणून ठेवलाय. यजमानांचं म्हणणं एका वाक्याचं आहे: "गाडी त रोजच चालावस, पैसा दिसन तुले काय शिकनं शे?" (गाडी तर रोजच चालवतेस, पैसे देऊन तुला काय शिकायचंय?)

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. जा. पण कर्ज काढून जाऊ नका, आणि स्वतःची गाडी घेऊन तर मुळीच जाऊ नका. चारपैकी पुणे जिल्ह्यातला २४,००० चा एका दिवसाचा पर्याय घ्या, दिवाळीऐवजी जानेवारीत जा आणि आत्ता जुलैपासून त्यासाठी दरमहा ५,००० बाजूला काढायला लागा.

तुम्ही दरपत्रकं एकाखाली एक लिहून सगळ्यात वर सगळ्यात स्वस्त ठेवलंय. सगळे तसंच करतात, पण या सौद्यात रकमेवरून काही कळत नाही. दिवसभराचे पैसे घेतले म्हणून दिवसभर गाडी चालवायला मिळत नाही. तुम्ही विकत घेताय ती स्टिअरिंगवरची मिनिटं, आणि ती कुठल्याच दरपत्रकात लिहिलेली नाहीत. ती आपणच काढायची.

नाशिक बाजूचा पर्याय घ्या. ९,५०० रुपये, पाच तास, एका तुकडीत बारा जण, गाड्या दोन. पाच तासांतून सूचना, हेल्मेट-पट्टे आणि चहा-नाश्ता यांचा एक तास वजा करा. उरली २४० मिनिटं. दोन गाड्या बारा जणांत वाटल्या की प्रत्येकाला ४०. माणूस उतरतो, दुसरा बसतो, सीट पुढे-मागे करतो, पट्टा आवळतो, यात चौथा हिस्सा सहज जातो. हातात राहिली ३० मिनिटं. जाण्यायेण्याचा खर्च धरून तुमचे १२,००० होतील, म्हणजे मिनिटाला ४०० रुपये.

पुण्याकडचा: २४,०००, सात तास, चारच विद्यार्थी, दोन गाड्या. सूचना आणि जेवणाचा दीड तास काढला तर ३३० मिनिटं, वाटणीला १६५. यात अदलाबदलीशिवाय टायर बघणं, गाडी थंड होऊ देणं हेही येतं, म्हणून जरा सढळ हाताने वजाबाकी करून १२० मिनिटं धरू. प्रवास आणि एका रात्रीची राहणी ५,५०० धरली तर एकूण २९,५००. मिनिटाला साधारण २४६.

बेंगळुरूचा दोन दिवसांचा कोर्स ४६,००० चा आहे, सहा विद्यार्थी, दोन गाड्या. हाच हिशेब लावला की दोन दिवसांत १६५ मिनिटं येतात. भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेसने जाऊन-येऊन, तिथे राहून १४,००० लागतील. ६०,००० भागिले १६५, मिनिटाला ३६४. शिवाय रजा जास्त. कोर्स वाईट नाही. ज्याला पुढे स्पर्धेत उतरायचंय त्याच्यासाठी तो आहे, आणि तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिलंय की स्पर्धा करायची नाही.

म्हणजे या तिघांत सगळ्यात स्वस्त वाटणारा पर्याय मिनिटाच्या भावाने सगळ्यात महाग निघाला. (चौथ्याबद्दल पुढे बोलतो.) त्यातही नाशिकच्या माहितीपत्रकात एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. वरचा फोटो रॅलीच्या गाडीचा आहे, पण आतला मजकूर 'फोर बाय फोर ट्रेल'चा आहे. ते ऑफ-रोडिंग झालं. खड्डे, चढ, चिखल, नाला यातून चारही चाकांना ताकद देऊन गाडी हळूहळू काढायची. त्याचंही कसब असतं. पण रॅली म्हणजे बंद केलेल्या रस्त्यावर, मातीत, घड्याळाशी झुंज. एका वेळी एकच गाडी सुटते, तिचा वेळ मोजला जातो. तुम्हाला हवं आहे ते दुसरं. चुकीच्या गोष्टीसाठी ९,५०० दिले तर ते स्वस्त कसे म्हणायचे?

फोन करून विचारताना आडवळण नको. सरळ विचारा: "सर, दिवसभरात मी स्वतः स्टिअरिंगवर किती मिनिटं असेन?" चांगली शाळा आकडा सांगते किंवा किमान फेऱ्या आणि फेरीचं अंतर सांगते. "मॅडम, भरपूर चालवायला मिळेल" एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. दुसरा प्रश्न, शेजारच्या सीटवर कोण बसणार? दरपत्रकावर नाव एका विजेत्याचं आणि प्रत्यक्षात शिकवायला त्यांचा पोऱ्या, असं होऊ शकतं. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय आहे, स्पर्धेत उतरणाऱ्याला तिचा परवाना लागतो. तुमच्या शेजारी बसणाऱ्याकडे तो परवाना आहे का किंवा होता का, कुठल्या राष्ट्रीय रॅलीत धावलाय, हे विचारण्यात कसलाही अपमान नाही. गौरव गिलला २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिला. तेव्हापासून हा खेळ बऱ्याच जणांना नव्याने कळला. त्यामुळे 'चॅम्पियन' हा शब्द पाटीवर वाचून पैसे भरण्याआधी त्या पाटीमागचा माणूस पाहून घ्यावा.

तिसरी विचारणा गाडीबद्दल. पुण्याच्या दरपत्रकात फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद जाणारी हॅचबॅक आहे, रोल केज म्हणजे आतून संरक्षक लोखंडी पिंजरा बसवलेला आहे, सीटला अनेक पॉइंटचा हार्नेस म्हणजे पट्टा आहे. तुम्ही लिहिलंय की बेंगळुरूवाले चारही चाकांची ताकदवान गाडी देतात आणि म्हणून मन तिकडे ओढतंय. पहिल्या दिवसासाठी मला पुढच्या चाकांची साधी गाडीच बरोबर वाटते. तुमची रोजची गाडीही त्याच जातीची आहे. तिच्यात काय होतं, हे तुमच्या पायांना आधीच थोडं माहीत आहे. मुरमावरच्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचे टायर जमीन धरतात आणि मागचा भाग हलका होऊन बाहेर सरकायला लागतो. रस्त्यावर आपण त्याला घाबरतो. रॅलीत तेच मुद्दाम घडवून गाडी वळवतात. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबायचा, गाडी वळणाकडे तोंड करते, मग ताकद द्यायची. पहिल्यांदा डावा पाय ब्रेकवर ठेवला की तो क्लच समजून धाडकन दाबला जातो. नवशिक्यांचं सगळ्यांचंच होतं. म्हणून मोकळं मैदान आणि शेजारी माणूस लागतो. हे समजायला आणि अंगात मुरायला दोन तास कमी नाहीत, आणि ताकदवान गाडी त्या दोन तासांत मदत करण्याऐवजी चुका झाकते.

शक्य असेल तर दुपारच्या सत्रात पेस नोट्स वाचून दाखवतात का, हेही विचारा. रॅलीत शेजारी बसलेला को-ड्रायव्हर पुढचं वळण किती तीव्र, कुठल्या बाजूला, पुढे किती अंतर हे आधी पाहणी करून लिहिलेल्या वहीतून मोठ्याने वाचत असतो, आणि चालवणारा अजून न दिसलेल्या वळणासाठी त्या आवाजावर गाडी टाकतो. एका दिवसाच्या कोर्सात हे असेल तर त्याचे पैसे वसूल आहेत. रॅलीचा खरा थरार तिथे आहे, नुसत्या वेगात नाही.

आता चौथा पर्याय, 'स्वतःची गाडी आणा', ६,००० रुपये. यावर जरा जास्त लिहितो, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की हाच घेतला तर कर्जच काढावं लागणार नाही, मग हा का नको?

तुमच्या गाडीची पॉलिसी काढा. त्यात गाडी कशासाठी वापरता येईल याचा परिच्छेद असतो, 'लिमिटेशन्स ॲज टू यूज'. खासगी गाडीच्या पॉलिसीत तिथे ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल्स हे वापर वगळलेले असतात. घड्याळ लावून मातीवर गाडी पळवण्याच्या कार्यक्रमात नुकसान झालं आणि कंपनीने दावा नाकारला, तर तुमच्याकडे बोलायला जागा राहत नाही. आणि गाडीवर अजून १४ हप्ते बाकी आहेत. गाडी उभी राहिली तरी ८,२०० चा हप्ता उभा राहत नाही.

नुकसान काय होतं तेही सांगतो. उलटणं-बिलटणं क्वचित. पण छोट्या गाडीची जमिनीपासूनची उंची बेताची असते. वेगात उसळलेला एखादा बसका दगड खालून इंजिनच्या तेलाच्या चेंबरला लागतो. आवाज होतो, धुळीत आणि गोंगाटात लक्षात येत नाही. तेल गळत राहतं, काही वेळाने डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, तोवर कधीकधी उशीर झालेला असतो. चेंबर बदलून भागलं तर नशीब. इंजिन जाम झालं तर गोष्ट लाखाकडे जाते. रॅलीच्या गाडीला खालून जाड पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा गार्ड असतो तो यासाठीच. शिवाय क्लच, टायर, सस्पेन्शनचे बुश, हँडब्रेकची केबल यांची झीज एका दिवसात काही महिन्यांची होते. आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीने तुम्हाला पाड्यावर जायचंय. ६,००० चा पर्याय खरं तर किती हजारांचा हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून तो मी यादीतूनच काढतो.

ड्रायव्हिंग शाळेची गाडी घेतली तरी नुकसानीचा मुद्दा संपत नाही. पुण्याच्या दरपत्रकात तळाशी बारीक अक्षरांत '१५,००० परतावा योग्य डिपॉझिट' आहे. डिपॉझिट १५,००० म्हणजे जबाबदारीही तेवढीच, असं गृहीत धरू नका. गाडी बरीच ठोकली गेली तर तुमच्याकडून जास्तीत जास्त किती घेणार, हे लेखी मागा. ईमेलवर एक ओळ आली तरी चालेल. 'प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे' असं उत्तर आलं तर वरची मर्यादा घालून घ्या, नाहीतर सोडून द्या. त्या डिपॉझिटसाठी बचत खात्यातले १५,००० आठवडाभर अडकतील, तेवढं चालेल. पाऊस, आजारपण, तुमच्या शाळेची अचानक लागलेली ड्युटी यासाठी तारीख बदलून मिळते का, हेही आत्ताच विचारा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना कुठल्या रविवारी कुठलं काम लागेल सांगता येत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. जीएसटी दरात धरलाय की वर लागणार, हाही एक प्रश्न. वर लागला तर माझा २९,५०० चा आकडा पुढे सरकेल आणि तुम्हाला एक महिना जास्त साठवावं लागेल.

तुमच्या स्वतःच्या विम्याबद्दल. आरोग्य विम्यात विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या वगळणुकींमध्ये साहसी खेळांची एक नोंद आहे आणि तिच्यात मोटर रेसिंगचं नाव आहे. पण ती वगळणूक 'व्यावसायिक म्हणून' भाग घेणाऱ्यासाठी आहे. हौसेने एक दिवस शिकायला गेलेली शिक्षिका त्यात बसत नाही. तरी तुमच्या पॉलिसीतला मजकूर एकदा स्वतः वाचा, जुन्या पॉलिसीत काही वेगळं नाही ना बघा. वैयक्तिक अपघात विमा आणि मुदत विम्यावरचा अपघाती रायडर मात्र वेगळे. तिथे रेसिंग आणि साहसी खेळ बऱ्याचदा सरसकट वगळलेले असतात. पगार खात्यासोबत बँकेने दिलेल्या अपघात विम्यावर या दिवसापुरता भरवसा ठेवू नका. ड्रायव्हिंग शाळेने विद्यार्थ्यांचा त्या दिवसाचा अपघात विमा काढलेला असेल तर प्रत मागा.

आता पैसा कुठून.

पतपेढीचं कर्ज ११ टक्क्यांनी, २४ हप्त्यांत आहे असं तुम्ही लिहिलंय. ५०,००० वर हप्ता सुमारे २,३३० बसतो आणि दोन वर्षांत व्याज जवळपास ५,९०० जातं. व्याजाची रक्कम फार मोठी नाही, हे मी मान्य करतो. माझी हरकत हप्त्याला आहे. तुमच्याकडे दरमहा ५,८०० उरतात. त्यातले २,३३० पुढची दोन वर्षं पगारातूनच कापले जाणार, आणि त्याच दोन वर्षांत मुलीची अकरावी-बारावी येते. तुम्हीच लिहिलंय की धुळ्याला क्लास लावायचा झाला तर फी लाखाच्या पुढे जाईल. जूनमध्ये ती फी भरायची वेळ येईल तेव्हा आकस्मिक कर्जाची तुमची मर्यादा दिवाळीच्या मौजेने अडवून ठेवलेली असेल. पतपेढीचं ते कर्ज अडीनडीला हाताशी राहू द्या. ऋण काढून सण नको, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. दिवाळीचा सण अग्रिम या कामाला वापरू का, असंही विचारलंय. त्याला व्याज नसलं तरी तो पगारातूनच परत जातो, तेव्हा तोही नको. क्रेडिट कार्डावरचा 'नो कॉस्ट ईएमआय' त्याच माळेतला.

यजमानांच्या कापसाच्या पैशातूनही नको. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पैसा हातात आला की तो मोकळा वाटतो, पण त्यांचं पीक कर्ज मार्चअखेर फेडायचं आहे. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर महाराष्ट्रात शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत चुकली की ती सवलत गेली. एवढी मोठी सवलत तीस हजारांसाठी धोक्यात घालू नये. आणि केळीच्या घरात एखादं वादळ काय करून जातं ते मी जळगाव जिल्ह्यात बसून रोज ऐकतो. मे-जूनच्या वाऱ्यात घडासकट आडवी झालेली बाग पाहिलेल्या माणसाला शिलकीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

म्हणून तुमच्या दीड लाखाच्या शिलकीलाही हात लावू नका. घरचा महिन्याचा खर्च ६०,२००, म्हणजे ती शिल्लक अडीच महिन्यांची आहे. तुमचा पगार सरकारी आणि नियमित आहे म्हणून मी तीन महिन्यांवर समाधान मानेन, पण तीनसुद्धा अजून भरलेले नाहीत. जाता जाता एक सांगतो, त्यातली १,१०,००० ची ठेव पतसंस्थेत आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. खान्देशात पतसंस्थांत पैसे अडकलेली घरं गावोगाव आहेत. मुदत संपली की ती रक्कम बँकेत आणा. टक्का-दीड टक्का व्याज कमी मिळेल, मिळू द्या.

मग राहतो एकच झरा, दरमहा उरणारे ५,८००. त्यातले ५,००० जुलै ते डिसेंबर एका वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, ३०,००० होतात. तुमचा २९,५०० चा खर्च त्यात बसतो. उरलेल्या ८०० मध्ये महिना ओढाताणीचा जाईल, श्रावणात कानबाईच्या सणाचा खर्च आहे, दिवाळी आहे. एखाद्या महिन्यात ५,००० टाकता आले नाहीत तर जानेवारीचा फेब्रुवारी करा. कुठून तरी उसने घेऊन तारीख गाठायची नाही. एसआयपी मात्र थांबवू नका. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या, जुन्या पेन्शनच्या बाहेरच्या शिक्षिका आहात. म्हातारपणाची तुमची तजवीज एनपीएस म्हणजे नवी पेन्शन योजना आणि ही ३,००० ची एसआयपी एवढीच आहे.

जानेवारी सुचवण्यामागे नुसता पैसा नाही. दिवाळीच्या सुट्टीत ड्रायव्हिंग शाळा गर्दी घेतात आणि तुकडी मोठी करतात, मग आपला मिनिटांचा हिशेब कोसळतो. जानेवारीत हवा थंड असते, हेल्मेट घालून तासन्‌तास बसवतं. नोंदणी करताना 'चारपेक्षा जास्त विद्यार्थी झाल्यास तारीख बदलण्याची मुभा' एवढं लिहून घ्या.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही त्यांना उत्तर दिलंय की हे शिकल्यावर पाड्यावरच्या रस्त्याने मी जास्त सुरक्षित गाडी चालवेन. ताई, हा युक्तिवाद मागे घ्या. नॉर्वेमध्ये घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण नव्या चालकांना सक्तीचं केलं होतं. नंतर पाहणी झाली तेव्हा तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. घसरलेली गाडी सावरता येते असा विश्वास आला की माणूस वेग कमी करत नाही. तुम्ही पंचविशीतला तरणा पोरगा नाही, तुमची समज वेगळी आहे. तरी त्या एका दिवसामुळे पाड्याचा रस्ता सुरक्षित होईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि त्या कारणासाठी ३०,००० द्या असंही म्हणणार नाही. त्या रस्त्यासाठी चांगले टायर, पावसाळ्यात कमी वेग आणि गाडीत पाण्याची बाटली, दोर आणि टॉर्च हेच औषध.

त्यांना खरं कारण सांगा. मला हे मनापासून करायचंय, कितीतरी वर्षांपासून करायचंय, आणि मी माझ्या पगारातून, घराचा एकही हप्ता न चुकवता, कर्ज न काढता करणार आहे. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे. घरात लग्नसराईत आहेर, देणीघेणी, पाहुणचार यांवर वर्षाला किती जातं याची यादी तुम्ही पत्रात दिलीय. तो खर्च कोणी वायफळ म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण त्या यादीत फक्त तुमच्यासाठी म्हणून एकही ओळ नाही, हे मला वाचताना खटकलं. सतरा-अठरा वर्षं मनात राहिलेली, कोणाचं काही न अडवणारी, सहा महिन्यांच्या शिलकीत बसणारी इच्छा असेल तर आर्थिक नियोजन म्हणजे ती मारणं नव्हे, तिला तारीख देणं. मी माझ्या कामाचा अर्थ असाच लावतो.

यजमानांनाही सोबत न्या. पुण्याच्या दरपत्रकात शिकवणाऱ्यासोबत शेजारच्या सीटवर एक फेरी वेगळ्या दराने आहे. ती त्यांच्यासाठी घेतली तर तेवढे पैसे आधी जुळवा. नाही घेतली तरी मैदानाच्या कडेला उभं राहून बघू शकतात. परतताना मात्र त्याच रात्री गाडी हाकत येऊ नका. दिवसभर हार्नेसमध्ये आणि धुळीत काढल्यावर खांदे आणि मनगटं दुखतात, डोळे जड होतात, आणि शिरपूर तिथून चारशे किलोमीटरच्या पुढे. रात्र तिथेच काढा किंवा स्लीपर बस करा. खर्चात मी ते धरलंच आहे.

तो दिवस झाल्यावर गोडी लागली तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी आधीच सांगून ठेवतो, कारण खरा खर्च तिथून सुरू होतो. स्पर्धेत उतरायचं तर परवाना, तयार केलेली गाडी, सर्व्हिसची माणसं, प्रत्येक फेरीचे टायर. पगारदार घराला ते झेपत नाही. त्याऐवजी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली नावाचा प्रकार आहे. नेहमीची गाडी, नेहमीचा रस्ता, ठरवून दिलेला सरासरी वेग आणि शेजारी वेळेचा हिशेब ठेवणारी साथीदार. लवकर पोचलात तरी गुण जातात, उशिरा पोचलात तरी जातात. मुंबई-पुण्याकडे खास महिलांसाठीही अशा रॅली होतात. गणित शिकवणाऱ्या बाईला हे चांगलं जमेल असं मला वाटतं. पण त्यालाही जाण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, कारण वर सांगितलेल्या वगळणुकीतला 'रिलायबिलिटी ट्रायल' हा शब्द त्याला लावला जाऊ शकतो.

तूर्त दोनच कामं करा. आवर्ती ठेव या पगारापासून सुरू करा, तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची घ्या. आणि पतपेढीचा अर्ज अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर मंजुरीची बैठक होण्याआधी सचिवांना भेटून लेखी मागे घ्या आणि पोच घेऊन ठेवा. एकदा रक्कम खात्यावर जमा झाली की कपात पुढच्याच पगारापासून सुरू होईल, मग तुम्ही पैसे वापरले असोत किंवा नसोत.